कुठला डबा घेऊ

सुलक्षा माजीक, सातवी ब, विचारते,
"काका, कुठला डबा घेऊ?"
पैसे तिच्याकडे आहेत. चवथीचे, वर मावशीने दिलेले.
डिचोलीच्या बाजारात तीन डबे तिने पाहून ठेवलेत
आणि ओळखीतला मीच एकटा
ज्याने तेवीस वर्षं पेन्सिलींवर पगार घेतला.

बस. आधी मेणाची.
ही मऊ. दोन रंग एकमेकांत असे शिरतात
की मेर कुठे होती ते भाटकारालाही सांगता येऊ नये.
पण चार थरांत हिचं पोट भरतं,
पाचवा घसरतो.
आणि आपल्या या दमट हवेत
महिन्याभरात काळ्यावर पांढुरकी साय धरते.
बुरशी नव्हे ती. मेणच वर येतं.
जुन्या बनियनच्या तुकड्याने हलक्या हाताने पूस.
खाली पडली तर आतल्या आत मोडते,
बाहेरून कळत नाही. टोक काढताना कळतं,
दर खेपेला.

तेलाची कडक. कंजूस.
दहा थर दे, दहाही घेते, कुरकुर नाही.
आबोलीच्या पाकळीची कड काढायची तर हीच.
मात्र एका पेन्सिलीच्या पैशांत
पदेराकडचे वीस उंडे येतात, हे घरी आधी सांग.

पाण्याची म्हणजे सोंग.
सुकी असताना पेन्सिल, ओल्या ब्रशखाली रंग.
आमचा सर्वेअर इनास बार्जवरून यायचा घामाने निथळत,
त्याने एकदा अशा नकाशावर कोपर टेकवलं.
अख्खं सारमानस शर्टाला लागलं.

आता खिडकीकडे ये.
या पट्ट्या फेब्रुवारीत चिकटवल्या, निम्म्या पुठ्ठ्याखाली.
मे संपत आला. पुठ्ठा तू काढ.
गेरू तसाच, माती उन्हाला भीत नाही.
गुलाबी गेला.
स्वस्तातल्या जांभळ्याचा
नुसता संशय उरलाय.
डब्यावर छापलेल्या चांदण्या मोजू नको,
खिडकीला विचार.

"पण तुम्ही कुठली वापरायचा?"

कंपनी देईल ती. पत्र्याचा डबा, बारा रंग.
लोखंड तांबडं, मँगनीज जांभळं,
चिकणमाती गुलाबी, पाणी निळं.
वरचं जे काढून टाकायचं ते राखाडी, आडव्या रेघांत.
डबा अजून आहे, त्या फळीवर.

ती उघडते.
तांबड्याचं पेराएवढं थोटूक, पितळी नळीत खोचलेलं.
जांभळा करंगळीएवढा.
राखाडी कधीच संपला, त्या खाचेत
भलत्याच कंपनीचा राखाडी.
आणि हिरवा अख्खा.
टोकही कारखान्यातलंच. सोनेरी अक्षरं शाबूत.

ती माझ्याकडे बघते.

नकाशात हिरव्याला खूण नव्हती, मी म्हणतो.
कुळागर, शेत, तिच्या आज्याचा काजूचा डोंगर,
सगळं राखाडीत यायचं.
रेघांमधलं अंतर दोन मिलिमीटर.
माझ्या रेघा सरळ असायच्या.
साहेब नव्या पोरांना दाखवायचे.

ती हिरवा उचलते, पट्टीच्या कडेला घासते.
दाबते. आणखी दाबते.
"काका, हा लागतच नाही."
इतक्या वर्षांत मेण कडक होतं गे.
थोडा वेळ मुठीत धर, ऊब दे.

मूठ मिटून बसते ती,
पाय हलवत, खिडकीतल्या पट्ट्या बघत.
मग म्हणते, तेलाचाच घेते.
बाराचा घेऊ की चोवीसचा?
बाराच्यात हिरवे दोनच आहेत.